पुजलेलं रिव्हॉल्वर

सयाजीराव जगतापांनी उभ्या जन्मात उंदीरसुद्धा मारला नव्हता. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ते लालबागेपर्यंत नेऊन सोडून द्यायचे, आणि संयोगिताबाई म्हणायच्या, "बघा, तो तुमच्याआधी घरी पोचतो." असा हा माणूस साठीला टेकल्यावर रिव्हॉल्वर विकत घ्यायला निघाला. बंगळूरच्या चामराजपेठेतल्या त्यांच्या गल्लीत हे कळलं असतं तर लोक पोट धरधरून हसले असते. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतंही.

भीती वाईट हो. एकदा घरात शिरली की ती आपल्याच माणसाच्या तोंडाने बोलायला लागते. सयाजीरावांच्या बाबतीत ती बोलली ती त्यांच्या धाकट्या भावाच्या तोंडाने, रघुजीच्या.

जगताप मूळचे इकडचे नव्हेत. शहाजीराजांच्या बरोबर कुणी एक पूर्वज आला म्हणतात, आणि मग परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही, असं पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. तलवारी जाऊन कचेऱ्या आल्या. सयाजीरावांचं कर सल्लागाराचं लहानसं ऑफिस कोरमंगलात होतं. खाली इडली-दोशाचं हॉटेल, वर पीजीत राहणारी पोरंपोरी, मध्ये हे. रघुजी देवनहळ्ळीला राहून तिथली जमीन बघायचा. नाचणी, थोडी द्राक्षं आणि बांधावरची चकोत्याची, म्हणजे पपनसाची, झाडं. जमीन दोघांच्या नावावर होती. विमानतळ आला आणि आजूबाजूच्या शेतांत बघता बघता प्लॉट पडून त्यांचे लेआउट झाले. एक लेआउटवाला ह्यांच्याही दारात येऊन बसला. रघुजीला विकायची होती, सयाजीरावांना नव्हती. झालं! बोलाचाली झाली, आवाज चढले, रघुजीने वाटणीचा दावा लावला, आणि दर दसऱ्याला थोरल्याच्या पाया पडायला सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन येणारा धाकटा भाऊ यायचा बंद झाला.

तरी तोवर हे भावाभावांतलंच होतं. पुढचं झालं ते कोरमंगलात, दिवेलागणीला. सयाजीराव ऑफिस बंद करून गाडीपाशी आले तर एक मोटारसायकल आडवी येऊन उभी राहिली. दोघेही हेल्मेट घातलेले. मागच्याने जॅकेटच्या आत हात घातला, सावकाश, आणि फोन काढून ह्यांच्यासमोर धरला. फोनवर ह्यांच्याच घराचा फोटो होता. संयोगिताबाई पाठमोऱ्या बसून फाटकाशी रांगोळी काढत होत्या.

"सयण्णा, सही करून टाका," तो कानडीत म्हणाला. "स्वल्प विचार करा. वहिनी रोज एकट्याच असतात की."

मग पुढच्याने लोखंडी कांबीने गाडीची काच फोडली, आणि घाई नसल्यासारखे दोघे निघून गेले. सयाजीरावांच्या अंगावर काचेचे तुकडे होते, पण डोक्यात घुमत होता तो एकच शब्द. सयण्णा! जगात त्यांना सयण्णा म्हणणारा एकच माणूस होता. नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासून रघुजी त्यांना तसं हाक मारायचा. बाहेरच्याला हे नाव कळलं कसं? कुणी सांगितलं?

पोलिसांनी विचारलं, "संशय कुणावर?" सयाजीराव टेबलाकडे बघत म्हणाले, "घरचंच आहे, साहेब." बोलून गेले आणि त्यांना वाटलं, तोंडातून काहीतरी सांडलं. पण सांडलेलं त्यांनी उचललं नाही.

संयोगिताबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातलं ताट आदळलं. "भाऊजी? अहो, जिभेला हाड आहे का तुमच्या? माझ्या हातचं खाऊन कॉलेज केलं त्यांनी. ताप आला की माझ्या मांडीवर डोकं ठेवायचे. ते माणसं पाठवतील तुमच्यावर?"

"मग सयण्णा कुणी सांगितलं त्यांना?"

पण एका शब्दावरून विश्वास सोडून देणाऱ्यातल्या संयोगिताबाई नव्हत्या.

परवाना मिळायला पुष्कळ दिवस गेले. चौकशा झाल्या, खेटे झाले, आणि मग एका सकाळी सयाजीराव बसवंतच्या दुकानात जाऊन बसले. बसवंत हा आजोबांपासून बंदुका विकणारा माणूस. दुकानाच्या भिंतीवर देवीचा मोठा फोटो, तिच्या सगळ्या हातांत शस्त्रं, आणि तिच्याखाली गल्ल्यावर हा. त्याने आधी एक लांब नळीचं रिव्हॉल्वर दाखवलं. सयाजीरावांनी ते हातात घेतलं तसा त्यांचा हातच खाली गेला.

"घरात ठेवायचं की रोज अंगावर बाळगायचं?" बसवंतने विचारलं.

"रोज. अंगावर."

"मग हे बेडा, हे नको, सर. हे घ्या." त्याने कपाटातून दुसरं काढलं. आखूड नळीचं, तळहातात मावणारं, सहा गोळ्यांचं. "शर्ट बाहेर काढून घालता ना? मग कुणाला दिसायचं नाही. तुमचं हे पोट सुटलंय ना, त्याचाही फायदाच. पोटाखाली बसतं मस्त." तो मोठ्याने हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "पण लहान आहे म्हणून खेळणं समजू नका. लहान नळीला नेम कमी, जवळच्यालाच लागतं. जवळ आलेल्या माणसासाठीच आहे हे."

जवळ आलेल्या माणसासाठी! सयाजीरावांनी मान हलवली. काळा, थंड, गुळगुळीत तो जिन्नस त्यांना आवडला होता, हे कबूलच करायला हवं. चक्री बाजूला उघडायची, सहा काडतुसं बसवायची, टक करून मिटवायची. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच आपल्या हातात काही आहे असं त्यांना वाटलं.

चालवून बघायला ते शहराबाहेरच्या रेंजवर गेले. तिथे वादिराज नावाचा शिकवणारा होता, फौजेतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा. समोर कागदाचा माणूस टांगलेला. सयाजीरावांनी चाप ओढला आणि आवाजाने स्वतःच दचकले. गोळी कुठे गेली देवाला ठाऊक. दुसरी गेली, तिसरी गेली, कागदाचा माणूस होता तसाच.

"डोळे मिटताय तुम्ही," वादिराज म्हणाला. "चाप ओढायच्या आधी समोर कोण आहे ते मनात पक्कं करा. कुणीतरी असलं की हात हलत नाही."

सयाजीरावांनी त्या कागदाकडे पाहिलं. त्यांना ते दोन हेल्मेटवाले आणायचे होते डोळ्यांपुढे, पण त्यांना चेहराच नव्हता. चेहरा आला तो रघुजीचा. हात हलला नाही. गोळी कागदाच्या छातीत गेली, अगदी मधोमध.

"सरी, बरोबर!" वादिराज म्हणाला. "आता आलं."

गाडीत बसल्यावर सयाजीरावांनी खिडकी उघडून वारा घेतला. शी! काय हे आपण केलं! पण घरी येईस्तोवर त्यांनी स्वतःची समजूत घातली की कागद तो कागद, त्याला काय कळतंय. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग ते रिव्हॉल्वर कमरेला आलं आणि सयाजीरावांचं सगळं वागणंच बदललं. हॉटेलात उभ्याने कॉफी प्यायचे ते आता पाठ भिंतीला लावून बसायचे. रिक्षात उजव्या बाजूला कुणाला बसू द्यायचे नाहीत. देवळात साष्टांग घालायचा बंद झाला. ओळखीचं कुणी खांद्यावर हात टाकायला आलं की मागे सरायचे. घरात आरशासमोर उभं राहून शर्ट वर करायचा, काढायचं, रोखायचं, पुन्हा ठेवायचं, ह्याची त्यांनी इतकी सवय केली की हातांना सांगावं लागेना. गल्लीत स्कूटर थांबली की ते बोलता बोलता गप्प व्हायचे. संयोगिताबाई बघायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही ते बाळगत नाही, तेच तुम्हाला बाळगतंय." सयाजीराव चिडले, कारण ते खरं होतं.

अशात नवरात्र आलं. नवमीला बंगळूरात काय असतं ते सांगायला नको. बसपासून सुतारकामाच्या करवतीपर्यंत सगळ्यांची पूजा, प्रत्येक गाडीला केळीचे खुंट, आणि रस्तोरस्ती कुंकू भरून फोडलेले कोहळे. जगतापांच्या घरी त्या दिवशी जुनी तलवार बाहेर निघायची. बिचारीने कित्येक पिढ्यांत लिंबूसुद्धा कापलेलं नव्हतं, पण तिचा मान मोठा. नियम दोन. शस्त्र म्यानातून काढून, उघडं पुजायचं. आणि पंचामृताचं स्नान घालून जे गंध-कुंकू लावायचं, ते दसऱ्याचा सूर्य मावळेपर्यंत पुसायचं नाही. पुसलं तर देवीचा हात काढून टाकल्यासारखं, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या, आणि संयोगिताबाई त्या शब्दाबाहेर नव्हत्या.

त्या दिवशी चौरंगावर तलवारीशेजारी रिव्हॉल्वरही आलं. सयाजीरावांनी काडतुसं काढून वाटीत ठेवली होती.

"हे मिटलेलं काय ठेवलंय?" संयोगिताबाई म्हणाल्या. "उघडा ते."

"हे काय तलवार आहे का?"

"शस्त्र आहे ना? मग म्यानात पुजायचं नाही."

सयाजीराव हसले, आणि त्यांनी चक्री उघडून बाजूला वळवली. किती दिवसांनी ते घरात असे हसले होते. संयोगिताबाईंनी तलवारीवर घातलं तसं ह्याच्यावरही पळीने पंचामृत घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर. वर पाणी शिंपडलं, फडक्याने हलकेच टिपलं आणि ओलं गंध-कुंकू त्या उघड्या चक्रीला, नळीला, मुठीला भरपूर लावलं. वाटीतल्या काडतुसांवरही चिमूट चिमूट पडलं. आणि डोळे मिटून त्या इतका वेळ हात जोडून बसल्या की सयाजीरावांना विचारावंसं वाटलं, काय मागताय एवढं? त्यांनी विचारलं नाही. तलवारीला सगळं चालतं हो. पुसायची, तेल लावायचं, की पुढच्या वर्षापर्यंत मोकळी. पण त्या इवल्याशा यंत्राच्या पोटात मध आणि साखर गेली आहे, हे त्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी सयाजीरावांनी काडतुसं भरली. चक्री जरा जड मिटली. बोटांना चिकट लागलं. पुसायला त्यांनी फडकं उचललंसुद्धा, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "सूर्य मावळायचाय अजून!" त्यांनी फडकं ठेवलं आणि ते तसंच कमरेला लावलं. देवळात जाऊन आले. ऊन तापलं होतं. संयोगिताबाई आत होळगे, म्हणजे पुरणपोळ्या, लाटत होत्या, आणि आज त्यांचं लक्ष सारखं दाराकडे होतं. सयाजीराव बाहेरच्या पायरीवर उभे राहून दारावरचं झेंडूचं तोरण सारखं करत होते.

स्कूटर आली. फुटलेल्या कोहळ्यांतून वाट काढत हळू झाली आणि ह्यांच्याच फाटकाशी थांबली. हेल्मेट घातलेला माणूस उतरला. त्याने घंटी वाजवली नाही. घरचाच असल्यासारखा आत हात घालून कडी काढली आणि फाटक लोटलं.

"सयण्णा," तो म्हणाला.

आवाज रघुजीचा होता. त्यात संशयाला जागा नव्हती. पाऊल टाकायची ढब त्याची, खांदा एका बाजूला पडतो तो त्याचा. सयाजीरावांनी त्याला ओळखलं, आणि ओळखलं म्हणूनच त्यांच्या काळजाचं पाणी झालं. आला! स्वतःच आला! रघुजी दोन पावलं पुढे आला आणि त्याने जॅकेटच्या आत हात घातला.

शर्ट वर गेला, रिव्हॉल्वर हातात आलं, आणि सयाजीरावांनी भावाच्या छातीवर रोखून चाप ओढला. डोळे मिटले नाहीत. हात हलला नाही.

चाप थोडा मागे आला आणि अडकला. त्यांनी पुन्हा ओढला. चक्री फिरेना. त्यांनी दुसरा हात लावून, दात आवळून, सगळा जोर लावून ओढला.

रघुजी जागच्या जागी उभा होता. त्याने जॅकेटमधला हात सावकाश बाहेर काढला. हातात ओल्या रुमालात गुंडाळलेली बन्नीची पानं होती. दुसऱ्या हाताने त्याने हेल्मेट काढलं. केस पिकले होते त्याचे. इतके पिकले होते हे सयाजीरावांना माहीतच नव्हतं.

"अण्णा," तो म्हणाला, "बोट काढा. अजून दाबताय तुम्ही."

सयाजीरावांनी खाली पाहिलं. खरंच दाबत होते. ते बोट सोडवायला त्यांना दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली.

आतून संयोगिताबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "आलात भाऊजी?" एवढं बोलल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात पाहिला.

"वहिनींनी बोलावलं म्हणून आलो होतो," रघुजी म्हणाला. आवाज चढला नव्हता त्याचा. चढला असता तर सोपं गेलं असतं. "दावा काढून घेतला मी. ते सांगायचं होतं. ते लेआउटवाल्याचे लोक माझ्याकडेही आले, अण्णा. माझ्या भूमिकाच्या शाळेच्या दारात उभे राहिले. आधी त्यांच्याशी बसून बोलायचो ना मी, तेव्हा सयण्णा ऐकणार नाही, सयण्णा असा आहे, तसा आहे, सगळं बोलून गेलो. मूर्ख मी. पोरीपर्यंत गोष्ट आली तेव्हा म्हटलं, आता अण्णांकडेच जायचं. दुसरं कोण आहे मला?"



रघुजीने पानं पायरीच्या कडेला ठेवली. दरवर्षी तो वाकून पाया पडायचा. आजही तो सवयीने वाकायला लागला, पण मध्येच त्याची नजर त्या रिव्हॉल्वरवर गेली आणि तो तसाच सरळ झाला. मग वळून गेला. हेल्मेट पायरीवर राहिलं. तसाच बोडक्या डोक्याने तो स्कूटरवर बसून गेला.

होळगे तव्यावर करपले. घरभर धूर झाला तेव्हा संयोगिताबाई उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि नवऱ्यासमोर बसल्या.

"हेल्मेट होतं ना डोक्यावर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं नसेल कोण आहे ते. म्हणा ना, कळलं नव्हतं."

इथे खोटं बोलणं सोपं होतं. बाईने वाक्यच तयार करून दिलं होतं. सयाजीराव म्हणाले, "आवाज ओळखला होता मी."

संयोगिताबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या म्हणाल्या, "देवीने वाचवलं."

"देवीने नाही. मधाने," सयाजीराव म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. लहान मुलासारखे हुंदके देऊन ते रडले. बाईंनी त्यांना जवळ घेतलं नाही.

दसऱ्यानंतर दुकान उघडलं त्या दिवशी ते बसवंतकडे गेले. त्याने रिव्हॉल्वर उघडलं, वास घेतला, बोट लावून चाटून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो सर! पंचामृत? ह्याला?" तो हसत सुटला. "दरवर्षी एखादा तरी येतो, कुणी हळद भरून आणतो, कुणी तेलाची धार सोडून. पण साखर तुम्हीच घातलीत! हे वेळेला अडकलं असतं म्हणजे? जीव गेला असता की!"

बसवंतने ते खोललं, धुतलं, तेल दिलं, आणि मागच्या खोलीत वाळूच्या पेटीत एक गोळी झाडून पाहिली. भिंतीपलीकडून तो आवाज आला आणि सयाजीराव खुर्चीचा हात धरून उभे राहिले. हा आवाज दसऱ्याला त्यांच्या फाटकात व्हायचा होता. तो आज झाला, एवढाच काय तो फरक.

"पहिल्यासारखं झालं," बसवंत बाहेर येत म्हणाला. "घ्या, लावा कमरेला."

"तुझ्याकडेच जमा करून घे," सयाजीराव म्हणाले. "परवान्याचं काय करायचं ते मी बघतो. मला नको."

बसवंतने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ह्यावर थट्टा केली नाही.

रघुजी फोन उचलत नव्हता. संयोगिताबाई नवऱ्याशी कामापुरतं बोलत होत्या. त्यांनीच एका सकाळी ती वाळलेली पानं स्वच्छ रुमालात बांधून दिली. "कोजागिरीपर्यंत देता येतात," त्या म्हणाल्या. "ह्या वेळी तुम्ही जा. थोरले असलात तरी तुम्हीच जा." सयाजीरावांनी रुमाल पँटच्या खिशात ठेवला, रघुजीचं हेल्मेट हातात घेतलं आणि देवनहळ्ळीची बस धरली. वाटभर ते मनात वाक्यं जुळवत होते. एकही पुरं होईना.

किल्ल्याच्या पुढे उतरून ते चालत गेले. बांधावरची चकोत्याची झाडं तशीच होती, फळांनी वाकलेली. पलीकडच्या शेतात लेआउटचे दगड रोवले होते. घराच्या ओट्यावर भूमिका अभ्यास करत बसली होती. त्यांना बघताच ती ओरडली, "दोड्डप्पा!" आणि पळत आली. ही पोर लहानपणापासून हे मोठे काका आले की त्यांच्या कमरेलाच मिठी मारायची. आता त्यांच्या खांद्याला लागत होती तरी तीच सवय.

"भूमी! मागे हो!"

रघुजी दारातून बाहेर आला होता. त्याने दोन ढांगांत येऊन पोरीला दंडाला धरून मागे ओढलं, इतक्या जोरात की ती कळवळली. "अप्पा, काय झालं?" ती म्हणत राहिली. त्याने तिला आपल्या पाठीमागे घेतलं. त्याचे डोळे सयाजीरावांच्या चेहऱ्याकडे नव्हते, कमरेकडे होते.

सयाजीरावांना कळलं. त्यांनी हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि शर्टाचं टोक धरून वर उचललं. पुढून दाखवलं, मग वळून मागूनही दाखवलं. साठीचा थोरला भाऊ धाकट्याच्या अंगणात उघड्या पोटाने गोल फिरला. "काही नाही, रघू. टाकून दिलं. बघ."

रघुजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पोरीच्या दंडावरचा हात त्याने काढला नाही.

"चुकलो रे मी," सयाजीराव म्हणाले. "बन्नी आणलीय तुझ्यासाठी." आणि त्यांनी खिशाकडे हात नेला.

रघुजी एक पाऊल मागे गेला. नकळत गेला. भूमिका त्याच्या पाठीवर आदळली. त्याचा तो चेहरा सयाजीरावांनी पाहिला आणि त्यांचा हात खिशापाशी येऊन थांबला. त्यांनी तो आत घातला नाही. दोन्ही हात त्यांनी हळूहळू वर आणले, भावाला दिसतील असे, आणि तसेच धरून ठेवले.

"उन्हात उभे राहू नका, अण्णा," रघुजी शेवटी म्हणाला. "या आत. जेवून जा." बोलला तो अगदी पूर्वीसारखा, पण त्याची नजर त्या हातांवरून हलली नाही.

सयाजीराव जेवले. वाढलं ते सगळं खाल्लं, दोन्ही हात ताटाजवळ ठेवून. संध्याकाळच्या बसने परत आले. संयोगिताबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "दिलीत?" त्यांनी खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातात ठेवला. गाठ सोडलेली नव्हती.